सुतकात सापडलेला महासंगणक

डॉक्टरांनी काकांच्या तोंडावरच सांगून टाकलं की स्वरयंत्र काढावं लागेल, आणि लवकर. काका म्हणाले, "बरं." काकू रडायला लागली आणि मी डॉक्टरांशी भांडायला लागले. ज्या माणसाने जन्मात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही त्याच्या घशात गाठ होतेच कशी, असं मी विचारत होते. बाहेरच्या बाकावर पानाने लाल झालेल्या तोंडाचे पंचवीस जण बसले होते, त्यांच्यातले निम्मे ठणठणीत असणार, या विचाराने माझं डोकं आणखीच फिरलं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून मी उत्तरेतल्या या तीर्थाच्या गावी, रामघाटावरच्या त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत वाढले आणि तिथेच राहिले. एका कॉलेजात पोरांना कॉम्प्युटर शिकवते. काका घनपाठी. घन म्हणजे ऋचा सरळ न म्हणता तिचे शब्द पुढे, मागे, परत पुढे असे गुंफत म्हणायची पद्धत. एक स्वर चुकला तरी अख्खी ओळ पहिल्यापासून. घनपाठी इतरही आहेत, दक्षिणेत तर पुष्कळ आहेत, पण काकांच्या गुरूंकडून आलेलं जे वळण होतं, स्वर कुठे लांबवायचा, कुठे हलकेच उतरवायचा, ते फक्त काकांच्या गळ्यात राहिलं होतं. पुस्तकात स्वराच्या खुणा असतात. वळण कुठल्याच पुस्तकात नव्हतं. काकांचा एकुलता एक मुलगा, माझा चुलतभाऊ, आठव्या वर्षी पाठशाळेतून पळाला तो पळालाच. आता त्याचं चौकात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे.

रेकॉर्डिंगला काका आयुष्यभर नाही म्हणत आले. "वेद काय डब्यात भरून ठेवायचं लोणचं आहे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐकून ऐकून बसवलेला पाठ म्हणजे चुकांसकट बसवलेला पाठ, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोट नव्हती. टेप तुमची चूक पकडत नाही. म्हणून दवाखान्यातून आल्यावर मी त्यांना म्हटलं, की काका, चूक पकडेल असं यंत्र केलं तर? विद्यार्थी म्हणेल, यंत्र ऐकेल, आणि जिथे स्वर घसरला तिथे थांबवेल. तुमच्यासारखं.

"थांबवेल?" त्यांनी विचारलं.

"थांबवेल."

"मग कर."

कर म्हणणं सोपं होतं. असलं यंत्र शिकवायला जे संगणक लागतात त्यांचं काम आमच्या कॉलेजातल्या खटाऱ्यांना झेपणारं नव्हतं. खाजगी कंपन्यांकडे तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळतात, पण ते भाडं ऐकूनच मी फोन ठेवला. मग स्टाफरूममध्ये कुणीतरी सरकारी योजनेचं सांगितलं. स्टार्टअप, छोटे उद्योग, संशोधक यांना सरकार आपल्या महासंगणकाचा वेळ देतं, जवळजवळ फुकट. भावाने आणि मी मिळून एक कंपनी काढली. कंपनी म्हणजे काय, त्याच्या झेरॉक्स मशीनमागे एक खुर्ची आणि दारावर एक कागद. अर्जात विचारलं होतं की तुमची बाजारपेठ किती मोठी आहे? मला लिहावंसं वाटलं, एक म्हातारा माणूस. भावाने माझ्या हातातून कीबोर्ड काढून घेतला आणि काहीतरी झकपक लिहिलं. त्यात तो पटाईत आहे.

आणि खरंच मिळाला! कुठल्याशा दूरच्या शहरात थंड खोलीत ठेवलेलं ते यंत्र, आणि त्याचा एक वाटा आमचा. काकूने देवापुढे साखर ठेवली. अट एकच होती, आणि ती त्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याने फोनवर नीट समजावून सांगितली होती: दिलेला वाटा रिकामा ठेवायचा नाही. रिकामा दिसला की पुढच्याला. नियम वाईट नव्हता, हे मला रागातही कबूल करावं लागतं. रांगेत आमच्यामागे कुणी क्षयरोग्यांचे एक्स-रे वाचायला यंत्राला शिकवत असेल, कुणी पुराचा अंदाज काढत असेल. त्यांनी आमच्यासाठी का थांबावं?

काम सुरू झालं. सकाळी पूजा आटोपली की काका पाटावर बसायचे, मी समोर मायक्रोफोन धरून. पाठशाळेतल्या विद्यार्थ्यांचे पाठ आम्ही आधीच भरून आणले होते. यंत्र ते ऐकून बरोबर वाटलं तिथे हिरवी खूण द्यायचं, चूक वाटली तिथे लाल. मग काका ते सगळं ऐकायचे आणि यंत्राचीच परीक्षा घ्यायचे. यंत्र चुकलं की तोच तुकडा स्वतः म्हणून दाखवायचे, तो परत तिकडे जायचा आणि यंत्र त्यावरून शिकायचं. म्हणजे काका आणि महासंगणक, दोघं एकाच वेळी हजर पाहिजेत. एक नसला तर दुसऱ्याचा उपयोग नाही.

पहिल्या आठवड्यात काका भयंकर वैतागले. "गाढव आहे हा तुझा विद्यार्थी! मठ्ठ! याला ओढून पाठशाळेच्या बाहेर बसवलं पाहिजे." पुढे पुढे म्हणायला लागले, "आज बरा होता." एकदा यंत्राने एका मुलाची अशी बारीक चूक पकडली की काका ताडकन म्हणाले, "अरे वा!" आणि मग इतके हसले की खोकल्याची ढास लागली आणि रुमालावर रक्त आलं. काकूने रुमाल लपवला. मी पाहिलं होतं.

संहिता म्हणजे सलग ऋचा आणि पदं म्हणजे तिचे सुटे शब्द, दोन्ही काकांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून झाली. घन राहिला. तो काकांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण यंत्र आधी तयार व्हायला हवं होतं. ऑपरेशनची तारीख ठरलेली, महासंगणकाचा आमचा वाटाही त्याच सुमाराला संपणार. काकांचा आवाज सकाळी तासभर नीट लागायचा, मग बसायचा. पण मी हिशेब केला होता. सगळं बसत होतं. घन पुरा होणार होता.

आणि नेमकं तेव्हा कोकणात आमच्या भाऊबंदांपैकी एक गृहस्थ वारले. नव्वदी गाठलेले. काका त्यांना उभ्या जन्मात एकदा कुणाच्या तरी मुंजीत भेटले होते म्हणे. दुपारी कुळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी आली, हार घातलेल्या फोटोसकट. मी वाचली, दुकानात बसून भावाने वाचली, आणि काकूनेही वाचली. काका फोन वापरत नाहीत.

भाऊबंदांत कुणी गेलं की घराला दहा दिवस सुतक. देवाला हात लावायचा नाही, आणि वेद तर तोंडातून काढायचाच नाही. पण या नियमाला एक फट आहे, ती आमच्यासारख्या घरांत सगळ्यांना ठाऊक असते. बातमी कानावर आली नाही तर सुतक नाही. ज्याला कळलंच नाही त्याला कसला दोष?

मी काकूकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बाहेर जाऊन सांगणार. हीच बाई दूधवाल्याच्या हातची पिशवी धुतल्याशिवाय आत घेत नाही. तिने फोन तांदळाच्या डब्यात खुपसला, वर झाकण लावलं आणि हळूच म्हणाली, "त्यांच्या कानावर जाता कामा नये. घन होऊ दे. मग मी सांगेन, आणि काय पाप लागायचं ते मला लागू दे." मी तिला मिठीच मारली. माझी काकू! मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "टेन्शन मत लो ताई, मेरे मुँह से नहीं निकलेगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पूजेला बसले. गंध उगाळून द्यायचं काम काकूचं, लग्न झाल्यापासून. ती म्हणाली, मनगट दुखतंय. काकांनी स्वतः उगाळलं. पूजा झाली, घन सुरू झाला, आणि काय सांगू, त्या दिवशी त्यांचा आवाज असा लागला होता की खाली गल्लीतून जाणारा एक माणूस पायरीवर बसून राहिला. मी मनातल्या मनात कोकणातल्या त्या म्हाताऱ्याची क्षमा मागितली आणि मायक्रोफोन जवळ सरकवला.

त्याच्या पुढच्या दिवशी नैवेद्य घरचा नव्हता. काकूने बाजारातून पेढे आणवले होते, स्वयंपाकाला उशीर झाला म्हणे. फुलं परडीतच होती, कुणी निवडलेली नाहीत. काका पाटावर बसून त्या परडीकडे बघत राहिले. घड्याळ चाललं होतं, आवाजाचा तो एक तास वाया जायला लागला, आणि माझा धीर सुटला. मी म्हटलं, द्या ती सहाण इकडे, मी उगाळते गंध. आणि सहाणेला हात लावणार एवढ्यात काकूने माझं मनगट पकडलं. "तू नको!" ती ओरडलीच. "तू नको हात लावू!"

काय झालं ते मला तेव्हा कळलं. नवऱ्यापासून ती बातमी लपवू शकत होती. देवापासून तिला लपवता येत नव्हतं. बातमी तिने वाचली होती, तिला सुतक लागलं होतं, आणि सुतकातला हात देवाच्या गंधाला लावणं तिच्याने मेली तरी झालं नसतं. माझाही तिने लावू दिला नाही. दोन दिवस ती बिचारी स्वयंपाकघरात देवाकडे पाठ करून वावरत होती आणि मी बावळटासारखी तिच्या मनगटाला तेल आणून देत होते.

काकांनी विचारलं, "कोण गेलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूकडे. मला आजही वाटतं की तेव्हा काकूने "कुठं काय? कुणी नाही," एवढं म्हटलं असतं तर ते पुढे काही विचारते ना. त्यांच्या तोंडावर मला तसं दिसलं होतं. ते वाट बघत होते, तिने नाही म्हणावं म्हणून. पण काकू त्यांच्याशी कधी खोटं बोललेली नव्हती, आणि त्या दिवशी तिला जमलं नाही. ती रडत रडत सगळं बोलून गेली.

काका उठले, स्नान करून आले आणि माजघरात घोंगडीवर बसले. मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुम्ही त्या माणसाला ओळखत नाही, त्याच्या मुलांची नावं तुम्हाला ठाऊक नाहीत, आणि त्याच्यापायी गुरूंची विद्या बुडवायला निघालात? सुतक फिटेल त्या सकाळी तुम्हाला दवाखान्यात भरती व्हायचंय, कळतंय का? नंतर आवाजच राहणार नाही म्हणायला!

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, चूक पकडणारं यंत्र करते आहेस ना? त्याला पहिली चूक मीच शिकवू?"

मला त्यांचा इतका राग आला, इतका राग आला की मी चप्पल घालून थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांना म्हटलं, चार दिवस पुढे ढकला. त्यांनी काकांच्या घशाचा नवा फोटो लावून दाखवला आणि विचारलं, तुम्हाला काका हवेत की नकोत? परत येताना मी अमृतराव घाटावर जाऊन बसले. जिथे दर श्रावणात काकांना पारायणाला बोलावत, तिथेच. यात्रेकरू नावेत चढत होते, नावाडी हाका मारत होते. मला त्या सगळ्यांचा राग येत होता.

तिकडे महासंगणक रिकामा. दोन दिवसांत अधिकाऱ्याचा फोन आला. अगदी अदबीने बोलला. मॅडम, तुमच्याकडून काही काम येत नाही, काही अडचण आहे का? सुतक हा शब्द मी त्याला कसा सांगू? सांगितला. तो म्हणाला, मॅडम, हमारे यहाँ भी होता है, पण सिस्टिममध्ये त्याला जागा नाही. परवापर्यंत काम दिसलं नाही तर वाटा आपोआप पुढे जाईल.

तेव्हा भावाने डोकं लढवलं. काकांनी संहिता आणि पदं आधीच म्हटलेली होती, म्हणजे प्रत्येक शब्द त्यांच्या आवाजात आमच्याकडे होता. त्याने ते शब्द कापले आणि घनाच्या क्रमाने एकाला एक जोडले. पुढे, मागे, परत पुढे. ऐकायला हुबेहूब. मी म्हटलं, अरे, शब्दाचा शेजारी बदलला की स्वराचं वळण बदलतं, असं चिकटवून घन होत नाही. तो म्हणाला, "मग तू दुसरं काय देतेस ताई? बाबांचाच आवाज आहे ना? मशीन तरी हातची जाणार नाही." त्याच्या हातातलं काढून घेऊन द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तो दुकान बंद ठेवून सलग बसला होता. पळून गेलेला पोरगा बापासाठी काहीतरी करत होता. त्याने जोडलेला घन तिकडे गेला, महासंगणक सुरू झाला, यंत्र तोच बरोबर धरून शिकायला लागलं, वाटा वाचला.

काका भरती झाले त्या सकाळी सुतक फिटलं होतं. दवाखान्याच्या खाटेवर त्यांनी म्हणायचा प्रयत्न केला. मी फोन पुढे धरला. अर्धी ऋचा झाली आणि आवाज बसला, तेवढ्यात स्ट्रेचर आलं.

ऑपरेशन चांगलं झालं, सगळे म्हणाले. काका जगले. गळ्याला भोक, त्यावर पांढरी जाळी, श्वास तिथून. उन्हाळ्यात त्या अधिकाऱ्याचा परत फोन आला, आनंदाने. आमचा प्रकल्प यशस्वी प्रकल्पांत घेतला होता, दोन ओळी लिहून द्याल का, आणि पुढच्या वर्षी हवा तेवढा वेळ मिळेल म्हणाला. माणूस भला होता. मी त्याला धन्यवाद म्हटलं आणि फोन ठेवून उशीत तोंड खुपसून रडले.

भाऊ आता रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी काकांसमोर बसतो. चाळिशीला आलेला माणूस, पण घन शिकायचाच म्हणतो. फोन मांडीवर, यंत्र सुरू. काकू त्याच्यासाठी दूध घेऊन दारात उभी राहते, आणि किती बरं वाटतं तिला ते बघून. परवा मीही तिथेच होते. भावाने एक ओळ म्हटली, हिरवी खूण आली. काकांनी पाटावर हात आपटला. चूक. त्याने परत म्हटली, परत हिरवी. काकांनी परत हात आपटला आणि बोट वर नेऊन हळूहळू खाली आणलं, असं असं खुणावत. भावाने त्या बोटाकडे बघत बघत म्हटली. लाल आली. काकांनीही मान हलवली, हेही नव्हे. अजून एकदा, अजून वेगळी. लाल.

"बाबा," तो मोठ्याने म्हणाला, बहिऱ्याशी बोलावं तसं, "तुमच्या हाताप्रमाणे म्हटलं की लाल येतंय. आणि हा तर तुमचाच आवाज आहे!"

"काका बरोबर आहेत," मी म्हटलं. "ते सोड आणि काकांचं ऐक."

त्याने माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही, खरंच विचारायचं म्हणून विचारलं, "मग बरोबर कसं आहे ताई? तू म्हणून दाखव, मी तसं म्हणतो."

मला येत नव्हतं. काकूला येत नव्हतं. काकांनी तोंड उघडलं आणि ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. ओठांवरून शब्द कळत होते, स्वर कळत नव्हता. भाऊ त्यांचं संपेपर्यंत थांबला, त्यांना नमस्कार केला, आणि हिरवी आलेली ओळ तशीच पाठ करायला लागला.